गाडी डावीकडं वढती

माजं गाव हितलं न्हाय. अक्कलकोटच्या खाली, पार हद्दीला. निम्म्या घरांत कानडी आन् निम्म्या घरांत मराठी, आमच्या घरात आई कानडीच बोलायची आन् बाप रागावला की मराठीत रागवायचा. ते मोबाईल चालू केलाय न्हवं तुमी? आसू द्या, आसू द्या. पण नाव घालू नका माजं, नुसतं पिकअपवाला म्हणा. न्हाय म्हंजे तुमी चांगल्या घरचं दिसताय, पण चांगल्या घरचं दिसणाऱ्यांचंच मला जास्त भ्याव वाटतंय, खोटं कशाला बोलू. मेंढरं आमची पिढीजात, बापाच्या मागं काठी घिऊन हिंडलो, मंग बाप गेला, मेंढरं गेली, तवा एका ट्रकवर क्लिनर म्हणून चढलो आन् डायवर होऊन उतरलो. शाळेचं इचारू नका, शाळा मला बगून पळायची का मी शाळेला बगून, ते आता ध्यानात न्हाय.

लगीन झालं ते मंगळवेढ्याकडच्या घरात. सासऱ्याची मेंढरं लई, दांडगा खटला, आन् त्यानं नुकतीच एक जुनी पिकअप घेतलेली, दोन मालकांच्या हाताखालनं आलेली. चालवणार कोण? नागू, माजा मेव्हणा, तवा कॉलेजात नाव घालून गावभर हिंडत हुता, त्याच्या हातात गाडी द्यायला म्हाताऱ्याचा जीव धजंना. म्हणून मला म्हणला, पाव्हणं, तुमी हितंच ऱ्हावा, गाडी तुमची समजा. समजा म्हणला बरं का. मी समजलो आन् ऱ्हायलो. घरजावई म्हंजे काय सांगू तुम्हाला, घरातलाबी न्हवं आन् भायरचाबी न्हवं. साखरंचा डबा जरा सरकलेला दिसला की सासू पयलं माज्याकडं बगणार. आईचा फोन आला की मी कानडीत बोलायचो, तर आत भांडी घासायचा आवाज बंद व्हायचा, एक शब्द कळत न्हाय तरी कान हिकडं. आमच्या मंडळीनं एकदा मला म्हणलं, आवो, मराठीत बोला की आईसंगं, घरात उगंच तोंडं वाकडी व्हत्यात. आता माज्या आईला मराठी येत न्हाय त्याला मी काय करू?

आन् मीबी काय कमी न्हाय. संशयाच्या घरात ऱ्हायलं की माणूस संशयाचंच खातो. पंपावर डिझेल भरताना मी काट्यावरनं डोळा हलवत न्हाय. हाटेलात पेला उचलला की आदी बुडाला बगतो. आमची मंडळी म्हणती, तुमी देवाच्या पाया पडताना तरी दोनी डोळं मिटता का वो.

तर गाडीचं सांगत हुतो. ऐतवारी सांगोल्याचा मेंढरांचा बाजार, मधल्या दिवसांत लेंडीखत द्राक्षवाल्यांच्या बागंला पोचवायचं, असं काम चालायचं. आन् गाडीला एक खोड लागली. डावीकडं वढायची. स्टेरिंग जरा सैल सोडलं की गाडी आपली डाव्या अंगाला निघाली, गटारीकडं. दिवसभर तिला उजवीकडं धरून धरून खांदा भरून यायचा. आन् म्होरचं डावं टायर खायची. दिवाळीला नवं घातलेलं टायर शिमग्याला भायरच्या कडंनं पार टक्कल, आन् उजवं बगा तर आजून त्याच्यावर नक्षी.

टायर काय स्वस्त हाय का? पयला संशय माजा टायरवाल्यावर. म्हणलं ह्यानं जुनं टायर वरनं रबर चढवून नवं म्हणून दिलं. तर ते खरं का खोटं बगायचं एक सोपं हाय, डावं काढून उजवीकडं घालायचं आन् उजवं डावीकडं. खोट टायरात आसंल तर गाडी उजवीकडं वढाय लागंल. मी सोता जॅक लावून बदललं. गाडी डावीकडंच. टायरवाला सुटला, पण त्याच्यावरचा संशय मी पुरा काढला न्हाय, थोडा ठेवला.

मंग पंक्चरवाल्यावर गेलो. डाव्या टायरात हवा कमी भरतोय हा, मालक लक्ष ठेवत न्हाय म्हणून. हवा बगायचा काटा माजा मी इकत घेतला. दोनीकडं सारखी हवा. मंग वाटलं रस्ताच आसंल, कारण आपला रस्ता मदी उंच आन् कडंला उताराचा आसतोय, पाणी निगून जावं म्हणून, तवा कुटलीबी गाडी जराशी डावीकडं घसरतीच. ते तपासायला मी एक सपाट मोकळा रस्ता बगितला, कुणी न्हाय आसं बगून गाडी उजव्या अंगानं चालवली, उलट्या उताराला. तरी डावीकडं. मंग ब्रेक. चाकाचा ब्रेक चिकटून ऱ्हायला की ते चाक गाडीला आपल्याकडं वढतं आन् तापतं. पाच-सात कोस पळवून आणली, उतरलो, दोनी चाकांवर हात ठेवून बगितला, माणसाच्या कपाळावर ठेवतो तसा. दोनी सारखीच कोमट. आता काय म्हणायचं?

सोलापुरात अलाइनमेंटवाल्याकडं घातली. त्यानं चाकांना आरसं बांधलं, कांपुटरवर समदं हिरवं हिरवं दिसाय लागलं, म्हणला, गाडी सरळ हाय वो तुमची. म्हणलं, सरळ हाय तर वढती का? तो म्हणला, कांपुटर खोटं बोलत न्हाय. कांपुटर बोलत नसंल, पण कांपुटरवाला?

शेवटाला होटगी रोडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं आणली. लई जुना माणूस, दाढी पांढरी आन् हात काळं. त्यानं कांपुटर न्हाय का काय न्हाय, म्होरचं चाक जॅकवर उचललं, वर-खाली धरून हलवलं, डाव्या-उजव्या अंगानं हलवलं. म्हणला, किंगपिनमें खेळ नै, टायरॉडमें भी नै, म्हंजे चाकाचा कुटला सांधा ढिला न्हाय. मंग गाडीच्या म्होरं उकिडवा बसून नुसताच बगत ऱ्हायला. मंग उठून टायरच्या वर मडगार्डापतुर वीत लावली, उजवीकडं वीत पुरी बसली, डावीकडं बोटं आडकली. म्हणला, पाटा बैठ गया. म्हंजे तो जो पोलादी पट्ट्यांचा पाटा चाकावर वजन झेलतो न्हवं, त्यो डावा पाटा बसला हुता, गाडी त्या अंगाला झुकली हुती. मागला बगितला, मागला डावाबी तसाच. दोनी बदललं. गाडी आशी सरळ चालली की मी गाणं म्हणत घरी गेलो.

आन् पुडचा हिवाळा यायच्या आत परत बसलं. परत डावंच.

तवा मी तरातरा मिस्त्रीकडं आलो, म्हणलं चाचा, तू जुनंच पाटं रंग लावून घातलंस. तो चिडला न्हाय. च्या प्याला आन् म्हणला, खाली गाडी कू क्या पूछते तुम, भरको लाव. म्हंजे मोकळी गाडी काय सांगणार, भरून आण. मी मनात म्हणलं, ही टाळायची बोली हाय. गाडीभर मेंढरं घिऊन सोलापुरात मिस्त्रीला दाखवाय कोण येतंय? तसाच माघारी गेलो.

आता मजा बगा, म्हंजे तवा मजा न्हवती. मी आसा समद्यांवर संशय घेत फिरत हुतो, तंवर घरात माज्यावर घेत हुते. पाटा बसतो म्हंजे वज्जाचं कायतरी जातंय, मेंढरांनी पाटा बसत न्हाय, आसं कुणीतरी म्हाताऱ्याच्या कानात घातलं. वज्जाचं म्हंजे काय? खडी. आमच्या गावाच्या म्होरं खडीमशीन हाय. जावई खडीच्या खेपा मारतोय, आपल्याला न सांगता. नागूनं हौद्यात वाकून बगितलं तर त्याला चार-दोन खडं घावलं. आता मेंढरांच्या खुरांत खडं आडकून येत्यात, हे धनगराच्या पोराला सांगाय पायजे का? पण घावलं म्हणून ते खडं त्यानं ताटलीत घालून म्हाताऱ्याम्होरं आणून ठेवलं, जसं काय सोनं घावलंय.

दुसऱ्या दिवशी म्हातारा देवाम्होरं बसला, बिरोबाचा भंडारा ताटात वतला आन् म्हणला, पाव्हणं, उचला. तुमी खडी व्हायली न्हाय म्हणून उचला, आमी गप बसतो.

तुम्हाला ठावं हाय का न्हाय, आमच्यात भंडारा उचलून शपथ घेतली म्हंजे संपलं. त्याच्यावर कोर्ट न्हाय, कचेरी न्हाय. खरं बोलणारा बिनघोर उचलतो. आन् मी खरा हुतो, काय सांगू तुम्हाला, खडीमशीनच्या दारात गाडी वळवलीबी न्हवती कदी. तरीबी मी उचलला न्हाय.

का म्हणून इचाराल तर इचारा, त्यांनीबी इचारलं. एक तर टायरसाठी देवाला मदी आणायचं हे मला पटंना. आज टायरसाठी उचलला तर उद्या डिझेलसाठी उचल म्हणतील, परवा साखरंसाठी. आन् दुसरं आसं की, भंडारा उचलला आन् चार दिवसांनी माज्या पोरीला नुसती सर्दी झाली तरी म्हणाय मोकळं, बगा, घावला देवाला. मी पोरीला पणाला लावू व्हय? म्हणलं, मामा, उचलणार न्हाय. आन् खडीबी व्हायली न्हाय. तुमाला काय समजायचं ते समजा.

सासू म्हणली, चोराच्या मनात चांदणं. म्हाताऱ्यानं हात म्होरं केला. मी चावी त्या हातात ठिवली. आमची मंडळी दारात हुभी, तिनं तोंडाला पदर लावला. माजं काय चुकलं हुतं? पण गाडीची चावी गेली तर त्या घरात मी कोण? गावाकडं माजं रान न्हाय, घर न्हाय, भावाच्या वसरीत आई झोपती. आन् बायकोनं बापाचं घर सोडून कुटं यायचं, पोरगी काखंत घिऊन? ती रातीला मला एवडंच म्हणली, तुमी न्हाय केलं, मला ठावं हाय. पण तिच्या बोलण्यातबी शेवटाला जरा इचारल्यासारखं वाटलं मला. का माज्याच कानाला तसं ऐकू आलं, देव जाणं.

ऐतवारी नागू स्टेरिंगवर बसला. नव्या शर्टात. म्हातारा डाव्या शिटवर, हमेशासारखा, मेंढरं भरली आन् गेले. मी दारात. आन् माज्या मनात आलं, आता ह्यो नागू वाटंत काय करतोय बगू. ह्याचंच काम नसंल कशावरनं? मी झोपल्यावर गाडी न्हेत आसंल, आन् खडं घावलं म्हणून बोंबलतोय. मित्राची मोटारसायकल आणली, तोंडाला टावेल बांधला आन् लागलो मागं. खरंच सांगतो, नागूला धरायलाच गेलतो, दुसरं काय न्हवतं डोक्यात.

चांगलं उजाडलं हुतं. गाव सोडून माळ लागला आन् गाडी दिसली म्होरं. आन् मी ब्रेकच मारला.

तुमी इचार करा, एवडी वरसं ती गाडी मी चालवली, पण भरलेली गाडी धावताना मागनं मी कदी बगितलीच न्हवती. डायवर कसा बगणार? तो म्होरं बसलेला आसतो. गाडी डाव्या अंगाला आशी कलली हुती की टोपलं डोक्यावर एका बाजूला घिऊन बाई चालती तशी. आन् आत बगितलं, तर समदी मेंढरं डावीकडं, एकमेकांच्या अंगावर चढून, दाटीवाटीनं, आन् उजव्या अंगाला फळी मोकळी, खाट टाकून एक माणूस आरामात झोपला आसता.

का? तर डाव्या कोपऱ्यात एडका. देवाचा एडका म्हणून आमच्यात एक सोडलेला आसतो, त्याला इकत न्हाय, कापत न्हाय. तो म्होरं चढला की समदी मेंढरं मागनं चढत्यात, तो हुबा ऱ्हायला की त्याला खेटून हुबी ऱ्हात्यात. म्हणून बाजाराला तो न्यायचा आन् माघारी आणायचा. भरताना मेंढरं हौदाभर पसरलेली दिसत्यात, फळकूट लावलं की आमी म्होरं जाऊन बसतो, आन् गाडी हलली की सरकत सरकत समदी त्याच्याकडं जात्यात. बाजारात फळकूट उगडलं की उड्या टाकून भायेर, मंग कोण कुटं हुतं ते कुणाला कळणार. आन् एडक्याला डाव्या कोपऱ्यात बांधायचा म्हातारा सोता, आपल्या शिटच्या बराबर मागं, खिडकीतनं हात घालून त्याच्या शिंगाला हात लागंल आसा. मी बगतोय तर तवाबी त्याचा हात खिडकीतनं मागं आलेला, शिंगावर. मला कदी बांधू दिला न्हाय त्यानं. एकदा मी दोर घेतला हुता हातात, तर म्हणला, ऱ्हाऊ द्या पाव्हणं, वाटंत कुटं बदलला-बिदलला तर देवाला काय तोंड दावू.

कळलं का तुम्हाला? माज्यावर इस्वास न्हाय म्हणून एडका त्याच्या मागं, एडका त्याच्या मागं म्हणून मेंढरं डावीकडं, मेंढरं डावीकडं म्हणून पाटा बसला, पाटा बसला म्हणून टायर गेलं, आन् टायर गेलं म्हणून माज्यावर इस्वास न्हाय. मी त्या माळावर मोटारसायकलवर बसून एकटाच हासलो. आन् लगीच मला लई राग आला.

मोटारसायकल म्होरं घालून गाडी आडवली. नागू उतरला, हातात पाना घिऊन, त्याला वाटलं मी भांडाय आलोय. म्हणलं, नागू, तुज्याशी काय न्हाय, मामांना खाली उतरू दे. म्हातारा उतरंना. म्हणला, मला हितं माळावर उतरवून गाडी पळवायचा बेत हाय तुजा. तुजा म्हणला, आयुष्यात पयल्यांदा. म्हणलं, मामा, गाडी नागू चालवल, मी तुमच्या बगलंला हुबा ऱ्हातो, माजं मनगट धरून ठेवा. त्यानं खरंच धरलं बगा. मेंढ्या धरणारा हात, आजून दुखतंय म्हणलं तरी चालंल. नागूला सांगितलं, हळू जा, त्या लिंबापतुर जाऊन थांब.

गाडी गेली. म्हातारा बगत ऱ्हायला. पार लिंबापतुर जाईस्तवर बगत ऱ्हायला. माजं मनगट सोडलं न्हाय, पण पकड ढिली झाली. मंग एवडंच म्हणला, सांजच्याला वाड्यातबी मेंढरं त्या एडक्याला आशीच खेटत्यात. माफी-बिफी आमच्यात मागत न्हाईत, आन् सासऱ्यानं जावयाची मागायची म्हंजे तर इचारूच नका. गाडीत बसले, बाजाराला गेले. मी घरी आलो आन् कुणाला काय बोललो न्हाय, मंडळीलाबी न्हाय. म्हणलं, म्हातारा काय सांगतोय ते बगू. तो फिरवून सांगंल, आशी मला खात्रीच हुती.

त्यानं घरी येऊन नागूला सांगितलं, ते खडं न्हेऊन टाक. सासूनं इचारलं, आन् खडी? तर म्हणला, खडी न्हवती बाई, मेंढरंच व्हती. तेवड्यावर मिटलं.

मंग मेंढरं भरूनच गाडी मिस्त्रीकडं आणली, होटगी रोडला लोक हुबं राहून बगत हुते. मिस्त्री दाढीतल्या दाढीत हासला, पण बिलात त्यानं माज्या जुन्या शिव्याबी धरल्या आसतील, मला दाट संशय हाय. डावं पाटं नवं टाकलं, हौद्यात मदोमद आडवी-उभी फळी मारून घेतली, दोनी अंगाला सारखी मेंढरं, आन् एडका म्होरं मदोमद.

आन् पुडच्या ऐतवारी काय झालं. मेंढरं भरली, मी स्टेरिंगवर बसलो, म्हाताऱ्याची वाट बगतोय. तो आला, खिडकीशी हुबा ऱ्हायला, म्हणला, गुडगं धरलंय आज, तू जा. हा माणूस तापानं फणफणलेला आसला तरी बाजार चुकवत न्हाय. मी म्हणलं, मंग नागू? म्हणला, नागूचं काम हाय रानात. तू एकटाच जा, तुला जमंल त्या भावाला सोड.

मी निगालो. आन् तुम्हाला सांगतो, गाव सोडल्यापासनं माजी नजर रस्त्यावर कमी आन् आरशात जास्त. म्हणलं, म्हातारा बेरकी हाय, नागूला मागं लावला आसणार, तोंडाला टावेल बांधून. माळ आला, आरशात कुणी न्हाय. लिंब गेला, कुणी न्हाय. एका वळणाला गाडी कडंला घिऊन बोनेट उगडल्याचं सोंग केलं आन् बराच येळ मागं बगत हुबा ऱ्हायलो. एक एसटी गेली, दुधाची गाडी गेली, एक माणूस सायकलवर सरपण घिऊन गेला, त्याच्या मागनं त्याची म्हातारी चालत गेली. माज्या मागं कुणी न्हवतं. खरंच कुणी न्हवतं. आन् तितंच, बोनेटला हात टेकून, मला रडू आलं. बाप गेला तवा एवडं आलं न्हवतं.

बाजारात त्या दिवशी रुमालाखाली माजा हात गेला. मेंढरांचा भाव आमच्यात तोंडानं न्हाय, रुमालाखाली बोटं धरून ठरतोय, आन् ती बोटं आजवर म्हाताऱ्याचीच. यापारी म्हणला, म्हातारा कुटं हाय? म्हणलं, घरी. आज मी हाय.

आता म्हातारा लई थकलाय. आंगणात बसून ऱ्हातो, बाजारासनं आलो की आदी एडक्याकडं बगतो, मंग गाडीकडं, मंग माज्याकडं. त्या नजरंत संशय हाय का न्हाय ते मी आता वळखाय जात न्हाय. आईचा फोन आला की कानडीतच बोलतो, मोठ्यानं. पोरगी शाळंत जाती, तिला तीन भाषा येत्यात, तिच्यावर कुणी संशय घेऊ ने एवडंच बिरोबाला मागणं हाय, आन् तिनंबी कुणावर घेऊ ने. टायर दोनी सारखी झिजत्यात बगा आता, हात लावून बगा पायजे तर. माज्या बोलण्यावर जाऊ नका.